शेवटचा माणूस

शाळेच्या मैदानावर टीम पाडताना तुझं नाव शेवटी येतं. ज्याच्या पायाला बॉल चिकटतो तो पुढं जातो, ज्याचा दम टिकतो तो मधात, आणि उरलेल्या तुला गोलपोस्टच्या पुढ्यात उभं करून सांगतात, "तू मागंच राय. बॉल आला का हान लांब." आर्वीच्या काळ्या मातीत पावसाळ्यात बॉल अर्ध्यातच रुततो, त्यामुळे लांब हाणणंही धड होत नाही. गोल झाला तर कौतुक पुढच्याचं, खाल्ला तर बोंब तुझ्या नावानं. मागं राहून बचाव करणाऱ्या स्टॉपरचं हे दुखणं जुनं आहे आणि मला ते मनापासून लागतं. म्हणून आज तुला एका स्टॉपरच्या मागोमाग नेतो.

पुलगावच्या छोट्या लाइनीवर बस. ती गाडी बंद पडली, पण आपल्याला जायचंय तेही मागच्याच वर्षांत. पुलगावला उतरलास की समोर हावड्याची मोठी लाइन. नागपूर, रायपूर, बिलासपूर करत हीच लाइन तुला टाटानगरला सोडते. स्टेशनाबाहेर जमशेदपूर, नव्वदच्या दशकातलं. इथं टाटा फुटबॉल अकादमी आहे, 1987 साली सुरू झालेली. देशभरातून निवडलेली पोरं इथंच राहतात, शिकतात आणि रोज खेळतात. कुंपणाला टेकून बघ. मणिपूरचा रेनेडी सिंग याच अकादमीचा, दीपक मोंडलही इथलाच. आणि तो गोव्याहून आलेला पोरगा महेश गवळी, जन्म 23 जानेवारी 1980 चा.

त्याच्या पायांकडे बघू नको, उभं राहण्याकडे बघ. चांगला स्टॉपर बॉलकडे तोंड करून सरळ कधी उभा राहत नाही. तो अर्धा वळलेला असतो, एक खांदा बॉलकडे, एक आपल्या गोलकडे. एका नजरेत बॉल आणि दुसऱ्या नजरेत माणूस. सरळ उभा राहिलास तर फॉरवर्ड तुझ्या पाठीमागून निघून जातो आणि तुला वळायलाच दोन पावलं जातात. त्या दोन पावलांत गोल होतो. आर्वीत हे तुला कुणी सांगितलं नव्हतं. बॉल हाणायला सांगितलं, उभं कसं राहायचं ते सांगितलं नाही. आणखी एक गोष्ट ऐक. मैदानावर सगळ्यात जास्त आवाज मागून येतो. "मॅन ऑन", "लाइन वर", "डावीकडे सरक". पुढच्या माणसाला फक्त गोल दिसतो. मागच्याला आपल्या सगळ्यांच्या पाठी दिसतात आणि समोरच्यांचे चेहरे.

चल, इथून थेट जकार्ता. जुलै 2003. गवळी आता तेवीस वर्षांचा आहे आणि अंगात ईस्ट बंगालची लाल-पिवळी जर्सी. आसियान क्लब चॅम्पियनशिपला हा भारतीय क्लब पाहुणा म्हणून आला आहे. प्रशिक्षक सुभाष भौमिक, कर्णधार घानाचा सुले मुसा. गटातल्या एका सामन्यात बायचुंग भुतियानं एकट्यानं सहा गोल मारले. त्याची चर्चा आजही होते. तू मात्र उपांत्य सामन्याला ये. समोर पेट्रोकिमिया पुत्रा, इंडोनेशियाचे त्या वेळचे विजेते. म्हणजे अख्खं स्टेडियम त्यांच्या बाजूचं. सामना 1-1 वर अडकतो आणि पेनल्ट्या सुरू होतात. पाचानंतर संपत नाहीत. सहावी, सातवी. एरवी ज्यांना कुणी पेनल्टीला पाठवत नाही त्यांच्यापर्यंत पाळी येऊ लागते. मधल्या रेषेवर खांद्यात खांदे अडकवून उभ्या असलेल्या रांगेत तू शिर. सगळ्यांच्या दंडांवरचा घाम एकमेकांना लागतो आणि कुणीच बोलत नाही. 7-6 नं ईस्ट बंगाल जिंकतो. मग अंतिम सामन्यात थायलंडच्या बीईसी तेरो सासानाला 3-1 नं हरवतात. गटात याच संघानं त्यांना हरवलं होतं. परदेशात जाऊन भारतीय क्लबनं एवढी मोठी ट्रॉफी आणल्याची उदाहरणं बोटांवर मोजण्याइतकी आहेत. ही रांग डोक्यात राहू दे. वीस वर्षांनी लागेल.

जाता जाता 2006 च्या मुंबईत डोकाव. कूपरेजवर महिंद्रा युनायटेडचे लाल शर्ट. 2005-06 ची राष्ट्रीय लीग त्यांनी जिंकली आहे आणि त्यांचा प्रशिक्षक आहे गोव्याचाच डेरिक परेरा. तोही जुना बचावपटू, भारताकडून खेळलेला. पुढं पुण्याच्या पुणे एफसीलाही त्यानंच वळण लावलं. हा मुक्काम छोटा ठेवतो, कारण पुढचं सांगताना जीव तुटतो. राष्ट्रीय विजेतेपद महाराष्ट्रात आणणारा महिंद्राचा संघ 2010 मध्ये बंद करण्यात आला. नंतर पुणे एफसीही गेला. आपल्याकडे पोरं नाहीत असं म्हणतात. पोरं होती, त्यांच्या डोक्यावरचं छप्पर काढून घेतलं.

आता दिल्ली गेट. कोटलाच्या क्रिकेट मैदानाला खेटून आंबेडकर स्टेडियम आहे, तिथं थांबू. गवळीच्या भारतीय संघाचा प्रशिक्षक आता बॉब हाउटन, इंग्रज. याआधी गवळी स्टीफन कॉन्स्टन्टाइन या दुसऱ्या इंग्रजाच्या हाताखाली खेळून चुकला आहे. हाउटनची गोष्ट मात्र वेगळी. तरुणपणी त्यानं स्वीडनच्या माल्मो क्लबला 1979 च्या युरोपियन कपच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं होतं. तोवर स्वीडनमध्ये एकास एक धरून बचाव करायचे. हाउटननं आणि त्याचा मित्र रॉय हॉजसननं तिथं जागा वाटून घेणारा बचाव रुजवला. चार जणांनी एका रेषेत उभं राहायचं, एकत्र पुढं सरकायचं, एकत्र मागं. समोरचा फॉरवर्ड रेषेमागं सापडला की ऑफसाइड. यात एक जण अर्धं पाऊल मागं राहिला की सगळी रेष मोडते. म्हणून त्या चौघांत एकाचा शब्द चालावा लागतो आणि तो बहुतेक वेळा स्टॉपरचा असतो. पोरा, तू मागं एकटा उभा राहून हाणतोस ना, त्यात आणि यात फरक हा आहे. ते चौघं मागं बसून वाट बघत नाहीत. मैदान किती मोठं ठेवायचं आणि किती लहान करायचं, हे तेच ठरवतात.

13 ऑगस्ट 2008. याच मैदानावर एएफसी चॅलेंज कपचा अंतिम सामना, भारत विरुद्ध ताजिकिस्तान. 4-1. सुनील छेत्रीचे तीन, भुतियाचा एक. या विजयानं भारत 2011 च्या आशिया कपमध्ये पोचला, 1984 नंतर पहिल्यांदा. उद्याच्या पेपरात छेत्रीचा फोटो येईल आणि तो यायलाच हवा.

त्याच वर्षांत तू गोव्यात फातोर्ड्याला येऊन धेंपो क्लबचा बचाव बघ. प्रशिक्षक आर्मांदो कुलासो यांच्या धेंपोनं दोन राष्ट्रीय लीग आणि तीन आय-लीग जिंकल्या: 2005, 2007, मग 2008, 2010, 2012. 2008 मध्ये हा क्लब एएफसी कपच्या उपांत्य फेरीत गेला. मागे महेश गवळी आणि समीर नाईक, मध्ये क्लायमॅक्स लॉरेन्स आणि क्लिफर्ड मिरांडा. या संघाबद्दल मला सगळ्यात जास्त कौतुक एका गोष्टीचं वाटतं. हे लोक खेळून घरी बसले नाहीत. समीर नाईक पुढं धेंपोचाच प्रशिक्षक झाला. क्लिफर्डनं 2023 मध्ये ओडिशाला सुपर कप जिंकून दिला. गवळी भारतीय संघाच्या प्रशिक्षकांच्या ताफ्यात गेला. एकाच ड्रेसिंग रूममधून इतके प्रशिक्षक निघतात तेव्हा त्या रूममध्ये रोज खेळावर बोलणं होत असणार. कुणी कुठं उभं राहायला हवं होतं, यावर.

आता जून 2023, बेंगळुरू. कांतीरवा स्टेडियमला चारी बाजूंनी धावण्याचा ट्रॅक आहे, त्यामुळे बाकं आणि प्रेक्षक यांच्यात अंतर पडतं. तू ट्रॅकवर, भारताच्या बाकामागं उभा राहा. सॅफ स्पर्धा सुरू आहे. मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमॅक. तोही स्टॉपर बरं का! 1998 च्या विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या क्रोएशियाचा, आणि इंग्लंडमध्ये डर्बी काउंटी आणि वेस्ट हॅमकडून खेळलेला. पहिलाच सामना पाकिस्तानशी. पाकिस्तानचा खेळाडू थ्रो टाकायला जातो आणि स्टिमॅक त्याच्या हातातला बॉल उडवतो. लाल कार्ड. नेपाळच्या सामन्याला बाकावर गवळी. स्टिमॅक परततो आणि कुवेतच्या सामन्यात त्याला पुन्हा लाल कार्ड मिळतं. म्हणजे आता उपांत्य आणि अंतिम, दोन्ही सामन्यांत रेषेवर उभं राहायचं ते महेश गवळीनं.

वय त्रेचाळीस. एरवी सहायकाला कुणी ओळखत नाही. सराव तो घेतो, प्लास्टिकचे कोन तो मांडतो, संध्याकाळी बोलतो दुसराच. आज मात्र कॅमेरा त्याच्यावर आहे.

1 जुलै, समोर लेबनॉन. आणि ज्याच्यावर बचाव उभा, तो संदेश झिंगन कार्डांमुळे बाहेर. स्टॉपरला प्रशिक्षक म्हणून मिळालेली ही परीक्षा बघ: आपलाच सगळ्यात मोठा स्टॉपर नाही. अन्वर अलीच्या जोडीला मेहताब सिंग उतरतो. नव्वद मिनिटं, मग जादा अर्धा तास. लेबनॉन येतं, कधी डावीकडून, कधी उंच बॉल टाकून. तू त्या दोघांकडे बघत राहा. एक बॉलवर जातो तेव्हा दुसरा आपोआप त्याच्या मागं सरकतो. कव्हर म्हणतात ते हेच. एकशे वीस मिनिटांनंतर फळ्यावर 0-0. लोकांना यात काही झालं नाही असं वाटेल. तुला तसं वाटू नये, एवढ्यासाठी तर इथवर आणलं. मग पेनल्ट्या. लेबनॉनची पहिलीच आपला गोलरक्षक गुरप्रीत अडवतो. भारत 4-2.

4 जुलै. स्टेडियम खच्चून भरलंय. कुवेतचा शबीब अल खाल्दी चौदाव्या मिनिटाला गोल करतो आणि तुझ्या पोटात गोळा येतो. बाकाकडे बघ. फॉरवर्डच्या डोक्यात अशा वेळी सूड येतो. स्टॉपरनं आयुष्यभर गोल खाल्लेले असतात. पुढचा किक-ऑफ कसा घ्यायचा हे त्याला ठाऊक असतं. मध्यंतराआधी भारताचा छांगते बरोबरी साधतो. मग पुन्हा तेच: दुसरा अर्धा, जादा वेळ, पेनल्ट्या.

पुन्हा ती रांग. खांद्यात खांदे. या वेळी गवळी रांगेत नाही, रेषेच्या बाहेर आहे, आणि बाहेर उभं राहणं जास्त अवघड आहे, कारण पायानं करण्यासारखं काही उरत नाही. कुवेतची पहिली हुकते. छेत्री मारतो, झिंगन मारतो, छांगते मारतो. उदांताची हुकते. शुभाशिष बोस मारतो. पाच-पाच संपल्या, 4-4. सडनडेथ. नाओरेम महेश सिंग जाऊन शांतपणे मारतो. कुवेतकडून खालिद हाजिया येतो. गुरप्रीत झेपावतो, हातानं बॉल बाहेर. अख्खं कांतीरवा उभं. भारताचं हे नववं सॅफ विजेतेपद. तू मात्र गर्दीत धावू नको. बघ, खेळाडू गोलरक्षकाकडे पळतायत. बाकावरचे लोक एकमेकांना मिठ्या मारतायत. यातल्या एकानं जकार्तातल्या त्या रात्री हेच सगळं आतून पाहिलं होतं.

शेवटचा मुक्काम दूरचा आहे. ताजिकिस्तानातलं हिसोर, 29 ऑगस्ट 2025. मधल्या काळात स्टिमॅक गेला, मानोलो मार्केस आला आणि गेला. आता मुख्य प्रशिक्षक खालिद जमील, मुंबईच्या क्लबांत वाढलेला. त्याचा हा पहिलाच सामना. सहायक महेश गवळी. तिसरा मुख्य प्रशिक्षक आला तरी हा माणूस ताफ्यात आहे, याचा मला फार आनंद होतो. समोर यजमान ताजिकिस्तान.

पाचव्या मिनिटाला भारताचा उवैस लांब थ्रो टाकतो, पार गोलसमोर. उंच उडी कुणाची? अन्वर अलीची. गोल. तेराव्या मिनिटाला गोलरक्षक एक हेडर अडवतो, बॉल सुटतो आणि तो आत ढकलतो संदेश झिंगन. ते हेडर कुणाचं होतं विचार. राहुल भेके, मुंबईचा मराठी पोरगा, तोही बचावपटूच. दोन गोल, तिन्ही माणसं मागची. पुढं ताजिकिस्तान एक गोल परत करतं, त्यांना पेनल्टीही मिळते, आणि गुरप्रीत ती अडवतो. उरलेल्या मिनिटांत भेके, अन्वर, झिंगन पुन्हा आपल्या जागी, एका रेषेत, ओरडत, सरकत, बॉल बाहेर काढत. शिट्टी वाजते तेव्हा 2-1.