गंगारामाने दिलेले नाव

मुंबईच्या चिंचपोकळी भागात एका कापड गिरणीसमोरच्या रस्त्यावर नुकतंच जन्मलेलं एक मूल पडलं होतं. ही १९२६च्या सुमाराची गोष्ट. गंगाराम कुशाजी सुर्वे या गिरणी कामगाराने ते उचललं आणि घरी आणलं. गंगाराम वुलन मिलमध्ये साच्यावर काम करत. त्यांची बायको काशीबाई कमला मिलमध्ये कामाला जाई. घरात आधीच तोंडं होती आणि पगार तुटपुंजा होता. तरी दोघांनी त्या मुलाला आपल्यात घेतलं, त्याचं नाव नारायण ठेवलं आणि पुढे शाळेत घालताना बापाच्या जागी गंगारामांनी स्वतःचं नाव लावलं. मराठी कवितेत पुढे जे नाव गाजलं, त्याचा उगम एका साचेवाल्याच्या या निर्णयात आहे.

हा निर्णय किती मोठा होता, ते कळायला तेव्हाचं गिरणगाव डोळ्यांपुढे आणावं लागतं. कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिली कापड गिरणी उभी केली आणि पुढच्या पन्नास-साठ वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सगळा पट्टा चिमण्यांनी भरून गेला. माणसं आली ती मुख्यतः कोकणातून आणि घाटावरून, त्यातही रत्नागिरी जिल्ह्यातून फार. गिरण्या वाढल्या त्या वेगाने घरं वाढली नाहीत. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत एकाच गावचे कितीतरी पुरुष राहत. एक पाळी कामावर गेली की दुसरी त्याच जागेवर आडवी होई. उन्हाळ्यात तर खोली असलेला माणूसही वळकटी काखेला मारून रस्त्यावर झोपायला येई. घर आणि फुटपाथ यांच्यातली रेघ इथे मुळातच पुसट होती. आज ज्याच्या डोक्यावर छप्पर आहे त्याची नोकरी गेली, की उद्या ते छप्परही जाई.

नारायणच्या बाबतीत नेमकं तेच झालं. तो जेमतेम चौथी शिकला. १९३६च्या सुमारास गंगाराम गिरणीतून निवृत्त झाले आणि मुंबईतला संसार आवरून कुटुंब कोकणात गावी निघालं. पोर मुंबईतच राहिलं. निघताना बापाने त्याच्या हातावर दहा रुपये ठेवले, असं सांगतात. यात गंगारामांना दोष द्यावा असं वाटत नाही. गावी गेल्यावर त्यांच्या हातीही काय उरणार होतं?

दहा-अकरा वर्षांचा मुलगा दुसऱ्यांदा रस्त्यावर आला, आणि या वेळी त्याला सगळं कळत होतं. रात्री पाठ टेकायला फुटपाथ होता. दिवसा मिळेल ते काम त्याने केलं: कुणाच्या घरी घरगडी, हॉटेलात कपबश्या विसळणारा पोऱ्या, दूध टाकणारा पोऱ्या, पुढे हमाल, मग कारखान्यातला कामगार. शाळा सुटली होती, पण अक्षरं त्याने सोडली नाहीत. दुकानांच्या पाट्या होत्या, भिंतीवरची पत्रकं होती, पुडीचा कागद होता. पुढे त्याने आपल्या एका कवितासंग्रहाला ‘माझे विद्यापीठ’ असं नाव दिलं. ते विद्यापीठ म्हणजे हाच रस्ता.

पण फुटपाथने कवी घडवला एवढं म्हणून थांबलं, तर ते अर्धसत्य ठरेल. त्याच रस्त्यांवर हजारो पोरं झोपत होती आणि त्यांची नावंही कुठे उरली नाहीत. नारायणला आधार मिळाला तो कामगारांनी आणि कामगारांसाठी झटणाऱ्यांनी उभ्या केलेल्या जगाचा. ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगने १९११पासून या वस्तीत रात्रशाळा आणि वाचनालयं चालवली होती. १९२८च्या लांबलेल्या संपातून गिरणी कामगार युनियन, म्हणजे लाल बावटा, उभी राहिली. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं आणि डफावर थाप पडली की चाळीचं पटांगण भरू लागलं. अण्णाभाऊ स्वतः वाटेगावहून आई-वडिलांबरोबर चालत मुंबईला आलेले, पुढे घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहिलेले. आपल्यासारख्याच माणसाच्या तोंडून गाणं ऐकलं, की आपणही लिहावं असं पोराला वाटणारच. सुर्वे युनियनच्या आणि कम्युनिस्ट पक्षाच्या कामात ओढले गेले, आणि त्यांचं ‘डोंगरी शेत’ हे गाणं कामगारांच्या ओठांवर रुळलं.

कृष्णाबाईंशी त्यांनी लग्न केलं ते तिच्या घरच्यांचा विरोध पत्करून. तीही लहानपणीच आई-बापाला मुकलेली. हक्काच्या खोलीसाठी दोघांनी बरीच वणवण केली. त्या दिवसांची हकीकत कृष्णाबाईंनी स्वतः ‘मास्तरांची सावली’ या आत्मकथनात लिहून ठेवली आहे. सुर्व्यांवर लिहिणाऱ्याने आधी ते वाचावं. कवीच्या घरात चूल कशी पेटत होती, हे कवितेतून पुरतं कळत नाही.

नोकरी लागली ती महानगरपालिकेच्या शाळेत, शिपायाची. घंटा वाजवणं, वर्ग झाडणं, निरोप पोचवणं हे काम करता करता त्यांनी सातवीची परीक्षा दिली आणि पुढे पालिकेच्याच शाळेत शिक्षक झाले. या एका पायरीने त्यांच्या आयुष्यात जे घडलं, ते पुढच्या कोणत्याही पुरस्काराने घडलं नसेल. रस्त्यावर सापडलेला माणूस आता मुलांची नावं पटावर लिहीत होता.

१९६२ साली ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा पहिला संग्रह आला, १९६६ साली ‘माझे विद्यापीठ’ आणि १९७५ साली ‘जाहीरनामा’. गिरणीचा भोंगा, हमाल, वेश्यावस्तीतली बाई, मोर्चा ही सारी माणसं आणि दृश्यं त्यांच्या कवितेत आपल्याच बोलीत आली. त्यांच्या एका कवितेत रस्त्यावर धंदा करणारी आई मुलाला शाळेत घालायला येते. बापाचं नाव काय, असं विचारल्यावर ती मास्तरांना त्यांचंच नाव लिहायला सांगते. ही कविता ऐकताना अनेकांचे डोळे ओले होतात. ती लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या पटावरचं नाव कसं लागलं होतं हे माहीत असलेल्याला ती अधिकच आत भिडते.

१९८२च्या जानेवारीत सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि तो संप कधी रीतसर मिटलाच नाही. गिरण्या एकेक करून बंद पडल्या. काशीबाई जिथे राबत होत्या, त्या कमला मिलच्या आवारात पुढे कचेऱ्या आणि महागडी हॉटेलं आली. ज्या जगाने सुर्व्यांना वाढवलं, ते त्यांच्या डोळ्यांदेखत मोडत गेलं. मानसन्मान आले ते याच काळात: १९९५ साली परभणीच्या ६८व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद, १९९८ साली पद्मश्री.

१६ ऑगस्ट २०१० रोजी ते गेले. त्याच्या काही वर्षं आधी अरुण खोपकर यांनी त्यांच्यावर माहितीपट केला, त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. त्या माहितीपटाचं नाव आहे ‘नारायण गंगाराम सुर्वे’.