दरबारचे कान

राज्यांचा इतिहास लिहिताना लढाया, तह आणि वंशावळी यांनाच आपण प्राधान्य देतो; परंतु ज्या माहितीच्या भरंवशावर त्या लढाया झाल्या आणि ते तह ठरले, ती माहिती कोणाच्या लेखणीतून उतरली आणि त्या लेखणीच्या धन्याची चाकरी कोणाकडे होती, याचा शोध क्वचितच घेतला जातो.

मोगलांच्या दप्तराने हा प्रश्न फार पूर्वी ओळखला होता. सुभ्याची हकीकत हुजुरास कळविणारा वाकेनवीस उघडपणे नेमलेला असे. आणि तो सुभेदाराच्याच कचेरीत वावरत असल्यामुळे दोघांचे संगनमत होऊन गैरगोष्टी दडपल्या जाण्याचे भय असे. म्हणून त्याच्यावर पडताळा ठेवण्यास सवानिहनिगार, त्याहीपलीकडे स्थानिक अंमलदारांस ज्याचा पत्ता नसे असा खुफियानवीस, आणि तोंडी वार्ता आणणारे हरकारे, अशी चौपदरी व्यवस्था बादशाहीने उभी केली. एकाच मुखातून आलेल्या बातमीत त्या मुखाचा हेतू मिसळलेला असणारच, हे तत्त्व त्या व्यवस्थेच्या मुळाशी होते.

मराठ्यांनी ही विद्या आपल्या पद्धतीने आत्मसात केली. नाशिकचे हिंगणे घराणे दिल्लीत पेशव्यांची वकिली सांभाळी. बादशहाची स्वारी कोठे गेली, खिलत कोणास मिळाली, कोणता अमीर रुसून डेऱ्यात बसला, असा बारीकसारीक मजकूर दरबारी अखबारांत असे, आणि वकील त्यावर आपला अभिप्राय जोडून तो पुण्यास रवाना करीत. त्याच दिल्लीत अंताजी माणकेश्वर हे पेशव्यांचे सरदार फौजेनिशी होते, आणि त्यांचे व हिंगण्यांचे वितुष्ट इतके विकोपास गेले की दोघेही परस्परांविरुद्ध पुण्यास तक्रारी लिहीत. एका शहरातून, एकाच धन्याच्या दोन चाकरांकडून आलेली ही परस्परविरोधी पत्रे ताडून पाहण्याचे काम शेकडो कोसांवर बसलेल्या पुणे दरबारास करावे लागे, आणि उत्तरेकडील राजकारणाचे त्यास दिसणारे चित्र अशाच पत्रांनी घडत असे.

पानिपतच्या प्रसंगी तर हे दोन्ही मार्ग आटले. ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दालीने यमुना ओलांडून भाऊसाहेबांचा दिल्लीशी संबंध तोडला, आणि छावणीतून येणारी पत्रे विरळ होत गेली. १४ जानेवारी १७६१ रोजी सर्वनाश झाला. उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेबांना ती वार्ता दहा दिवसांनी भेलशाच्या मुक्कामी कळली, तीही एका सावकारी पत्रातून. दोन मोती गेल्याचे, मोहरा हरवल्याचे आणि रुपये-खुर्द्याची गणतीच नसल्याचे त्यात सांकेतिक भाषेत कळविले होते. हुंड्यांचा भाव राज्यांच्या जयापजयावर हलत असल्यामुळे सावकारांना खरी बातमी वेळेवर मिळविणे प्राप्तच होते. त्यांना ती गोड करून सांगण्याची गरज नव्हती. लष्करी डाक मुकी झाली तेव्हा व्यापाराची डाक बोलली, याचे कारण हे.

इंग्रजांनी या शास्त्राचे मर्म पूर्णपणे जाणले. १७८६ मध्ये मॅलेट पुण्यात रेसिडेंट म्हणून आला, तेव्हापासून पुणे दरबारच्या हालचाली कंपनीच्या दप्तरात नियमाने नोंदल्या जाऊ लागल्या. पुढे जून १८१७ च्या पुण्याच्या तहाने बाजीरावास परदरबारी वकील ठेवण्याची आणि परक्यांचे वकील आपल्याकडे ठेवून घेण्याची मनाई झाली, आणि इतर सत्तांशी त्याचा व्यवहार रेसिडेंटच्याच मार्फत व्हावा असे ठरले. म्हणजे जो प्रतिपक्षी, तोच बातमीचा एकमेव दरवाजा! नोव्हेंबरात खडकीस तोफा वाजल्या. पण स्वतंत्रपणे ऐकण्याचा आणि पारखण्याचा अधिकार पेशवाईने त्याआधी पाच महिने गमावला होता.

पुढे १८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ काढले, आणि पूर्वी राजाच्या हुजुरात पोहोचणारी वार्ता सामान्य वाचकाच्या हाती येऊ लागली. वार्तेबरोबर ती पारखण्याची जबाबदारीही त्याच्याकडे आली, हे मात्र आपण पुरेसे लक्षात घेतलेले नाही. बातमी कोणी दिली, तिच्यात त्याचे हित काय, आणि त्याच्याशी ज्याचा संबंध नाही असा दुसरा साक्षीदार कोण, हे तीन प्रश्न जुनी दप्तरे राज्य राखण्यासाठी विचारीत. लोकशाहीत राज्य वाचकाचेच असल्यामुळे, ते विचारण्याचे कर्तव्य आता त्याचे आहे.