दातातली कीड

आमच्या पाटोद्यात दात खराब होत नाही, त्याला कीड लागते. माझी दाढ ठणकली की आजी पाण्याच्या परातीत तापलेलं खापर ठेवायची, त्यावर भुईरिंगणीच्या बिया टाकायची आणि तोंड उघडून धूर घ्यायला लावायची. धूर विरला की पाण्यात बारीक पांढऱ्या अळ्या तरंगायच्या. "बग, निघाली कीड!"

त्या अळ्या म्हणजे उष्णतेनं फुटलेल्या बियांमधले अंकुर, हे फार उशिरा कळलं. युरोपात हाच खेळ खुरासनी ओव्यावर चालायचा. आजीला हसू नका; सुश्रुतसंहितेतही 'कृमिदंतक' आहेच. 1728 मध्ये पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्यानं सूक्ष्मदर्शकातून पाहूनही अळी सापडली नाही असं लिहिलं, तरी ती लोकांच्या मनातून गेली नाही.

बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्यानं 1890 च्या ग्रंथात मांडलं, की तोंडातले जीवाणू साखर-पिष्ट खाऊन आम्ल सोडतात आणि त्यात दात विरघळतो. लाळ उकळून घेतली की आम्ल होतच नव्हतं. म्हणजे कीड होती, फक्त डोळ्यांना दिसणारी नव्हती. 1924 मध्ये लंडनच्या क्लार्कनं किडलेल्या दातातून 'स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्स' वेगळा केला. पण पुढची काही दशकं त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. 1960 मध्ये पॉल कीजनं हॅमस्टरवर दाखवलं, की ही कीड एकाकडून दुसऱ्याकडे, आईकडून पिल्लाकडे जाते.

इथं मी अडतो. कारण आमच्याकडे लगेच बोट आईकडे जातं: तिनंच चमचा चाटून भरवलं ना! पण नुसता जीवाणू काही करू शकत नाही, त्याला दिवसभर गोड लागतं. दिवाळीच्या सुमारास तालुक्यातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात. पहाटे फडावर पोचलेली आई कोयता चालवते, लेकरू पाचटावर ऊस चघळत बसतं. रडलं की गोड चहा, नाहीतर बिस्किट. प्रत्येक घोटामागे आम्लाचा अर्धा तास. लाळेला दात सावरायला उसंतच मिळत नाही.

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या वहिनी फडावरून परतल्या. लेकीचे पुढचे दात हिरडीपर्यंत काळे. "दुधाचेच हायत, पडतील." मी म्हटलं, पुढचे पडतील, पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तिला जेवायला लागणार आहेत.

"मग धुरी द्यावी का?"

"नको. रात्री बाटलीत काय देता?"

"साखरेचं दूध. त्याबिगर झोपतच न्हाई."

त्यांनी बाटली धुतली, साधं पाणी भरलं. त्या रात्री पोरगी बारापर्यंत रडत होती. भिंत एकच, मला ऐकू येत होतं.