गीतकाराच्या मनातला समीक्षक : १९५५ या वर्षाच्या निमित्ताने

कवीच्या प्रतिभेचा विचार मराठी समीक्षेने जितक्या आस्थेने केला, तितका त्याच्या नकाराचा केलेला नाही. लिहिता लिहिता कवी काय खोडतो, कोणत्या शब्दाला उंबरठ्यावरूनच परत पाठवतो आणि हा निवाडा कोणत्या निकषावर करतो, हे प्रश्न बहुधा दुय्यम मानले गेले. गीताच्या बाबतीत तर त्यांची गरजच भासली नाही. गीत हे मागणीवरून लिहिले जाते. तेव्हा तेथील निवाडा नाटक मंडळीचा, निर्मात्याचा किंवा संगीतकाराचा असतो, गीतकाराचा नव्हे, अशी एक समजूत रूढ झाली. ‘कवी’ आणि ‘केवळ गीतकार’ ही श्रेणी याच समजुतीवर उभी आहे.

ही समजूत तपासण्यासाठी १९५५ हे वर्ष विशेष उपयोगी आहे. त्या वर्षी बा. सी. मर्ढेकरांचा ‘सौंदर्य आणि साहित्य’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी १ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी, पुणे नभोवाणी केंद्रावरून ग. दि. माडगूळकरांच्या ‘गीतरामायणा’चे प्रसारण सुरू झाले. मर्ढेकर स्वतः नभोवाणीच्या सेवेत होते. ‘गीतरामायण’ १९ एप्रिल १९५६ रोजी पूर्ण झाले, त्यापूर्वी महिनाभर त्यांचे निधन झाले. एकाच कालखंडात, एकाच माध्यमाच्या परिसरात वावरणाऱ्या या दोन कवींच्या मनातले समीक्षक मात्र भिन्न कुळांतले होते.

मर्ढेकरांनी १९४१ मध्येच ‘वाङ्मयीन महात्मता’ या लेखनात आत्मनिष्ठेचा निकष मांडला होता. कवीने आपल्या अनुभवाशी प्रामाणिक राहावे, ही त्यातील मुख्य मागणी. हा समीक्षक कवीच्या एकांतात बसतो आणि श्रोत्याचा सल्ला घेत नाही. ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला आणि मर्ढेकर त्यातून निर्दोष सुटले. आतल्या समीक्षकाने समाजाशी तडजोड नाकारली, तेव्हा बाहेरचा समीक्षक न्यायालयाच्या रूपाने समोर आला, असे या घटनेबद्दल म्हणता येईल.

गीतकाराची परंपरा वेगळी आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’पासून (१८८०) नाट्यपदाला साकी, दिंडी यांसारख्या परिचित चालींचा आधार होता. ‘मानापमाना’त (१९११) गोविंदराव टेंबे यांनी दिलेल्या चालींवर कृ. प्र. खाडिलकरांनी पदे बांधली. येथे चाल हीच पहिली परीक्षक होती. शब्दाने तिच्यात मावायचे होते. अशा शंभरेक पदांच्या सवयीने जे घडते ते लक्षणीय आहे. बाहेरची चाल हळूहळू रचनाकाराच्या कानात मुरते आणि चाल समोर नसतानाही तो कान शब्द पारखू लागतो.

‘गीतरामायणा’त नेमके हेच दिसते. येथे शब्द आधी आणि सुधीर फडके यांची चाल नंतर, असा क्रम होता. आठवड्याला एक, याप्रमाणे ५६ गीते तयार व्हायची होती. श्रोत्याला पान मागे उलटता येत नव्हते. म्हणून अर्थ पहिल्याच श्रवणात पोचणे आवश्यक होते. एकच चाल अनेक कडव्यांना पुरायची असल्याने प्रत्येक कडव्यातील मात्रा, यती आणि श्वासाच्या जागा जुळायला हव्या होत्या. शिवाय बहुतेक गीते कोणत्या तरी पात्राच्या मुखी होती, त्यामुळे कवीला सुचलेली सुंदर कल्पना त्या पात्राला शोभत नसेल, तर ती सोडून देणे भाग होते. या अटी बाहेरून आल्या खऱ्या. पण त्या सांभाळणारा माडगूळकरांखेरीज कोणी नव्हता.

पहिल्या गीताविषयी एक आठवण नेहमी सांगितली जाते. लिहिलेला कागद हरवला, ध्वनिमुद्रणाची वेळ जवळ आली आणि माडगूळकरांनी थोड्याच वेळात गीत पुन्हा लिहून दिले. या आठवणीकडे शीघ्रकवित्वाचा पुरावा म्हणून पाहिले जाते. ती खरी धरली, तर तिचा दुसरा अर्थही संभवतो. निवड आणि नकार यांचे काम आधीच होऊन गेले होते. कागदाबरोबर ते हरवले नाही. ज्याला उत्स्फूर्तता म्हटले जाते, ती पुष्कळदा अशा पूर्ण झालेल्या, पण न दिसणाऱ्या संस्काराची खूण असते.

तथापि या समीक्षकाचा गौरव करताना त्याची मर्यादाही नोंदवली पाहिजे. गीतकाराच्या मनातला कान हा समूहाचा कान असतो. तो लय बिघडलेली ओळखतो, तशीच श्रद्धा दुखावलेलीही ओळखतो आणि दोन्ही दोष एकाच तत्परतेने दूर करतो. ‘गीतरामायणा’तील परित्यक्ता सीता आपली व्यथा लक्ष्मणापुढे मांडते, पण ती व्यथा आरोपाच्या टोकापर्यंत जात नाही. हा पात्राचा संयम की श्रोत्यांच्या भक्तीची चाहूल घेतलेल्या कानाचा नकार, हे संहितेवरून सांगणे कठीण आहे. बाहेरची बंधने अंगवळणी पडली की ती बंधने वाटत नाहीत, रुची वाटतात; आणि रुचीविरुद्ध खटला चालवता येत नाही.

म्हणून प्रश्न गीतकाराजवळ आत्मपरीक्षण आहे की नाही, हा नाही. मर्ढेकरांचा समीक्षक अनुभवाशी प्रतारणा झाली का, असे विचारतो; माडगूळकरांचा समीक्षक शब्द दुसऱ्याच्या गळ्यात आणि तिसऱ्याच्या कानात टिकेल का, असे विचारतो. पहिल्याला दुर्बोधतेचा धोका आहे, दुसऱ्याला अनुनयाचा. मराठी समीक्षेने पहिल्याच्या मापाने दुसऱ्याला मोजले आणि गीताला कवितेच्या पायरीखाली बसवले. गीताचे मूल्यमापन करायचे असेल, तर त्याने कोणाची मागणी पुरवली, एवढ्यावर न थांबता, ती पुरवताना त्याच्या कर्त्याने स्वतःशी कोणता वाद घातला आणि कोणता टाळला, हे पाहावे लागेल.