कोंबडीखाद्यातील वनौषधी : प्रतिजैविकांना पर्याय

यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगाव तालुका कापूस व सोयाबीनचा. येथील सोयाबीनची पेंड कोंबडीखाद्याचा मुख्य प्रथिनस्रोत होय. या खाद्यात आणखी काय मिसळले जाते, याकडे मात्र ग्राहकाचे सहसा लक्ष नसते.

खाद्यातून अल्प मात्रेत प्रतिजैविके दिल्यास पिलांचे वजन लवकर वाढते, हे अमेरिकेत १९४० च्या दशकाच्या अखेरीस आढळले आणि ही प्रथा जगभर रुजली. अल्प मात्रा सतत मिळत राहिली, की संवेदनशील जिवाणू मरतात आणि औषधाला दाद न देणारे उरतात. पुढे तेच मांस, विष्ठा व पाणी यांमार्गे माणसापर्यंत पोहोचू शकतात. स्वीडनने १९८६ मध्ये, तर युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठीच्या अशा वापरावर पूर्ण बंदी घातली. माणसांसाठी अखेरचा उपाय मानले जाणारे कोलिस्टिन भारतातही कोंबड्यांना दिले जात असे. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत त्याच्या वापरावर बंदी आणली.

पर्याय म्हणून ज्या वनस्पतींचा अभ्यास झाला, त्यांतील बहुतेक आपल्या स्वयंपाकघरातल्याच आहेत. ओव्याच्या तेलातील थायमॉल जिवाणूंच्या पेशीपटलाला छिद्रे पाडते. लसणातील अॅलिसिन, दालचिनीतील सिनामाल्डिहाइड आणि लवंग व तुळशीतील युजेनॉल हेही जिवाणूरोधक आहेत. हळदीतील कुर्क्युमिन आतड्याचा दाह कमी करते. ते रक्तात फारसे शोषले जात नाही. माणसाच्या औषधात हा दोष ठरतो, पण कोंबडीच्या बाबतीत काम आतड्यातच असल्याने तो अडसर ठरत नाही. शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील वायगाव हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून तिच्यात कुर्क्युमिनचे प्रमाण अधिक असल्याचे सांगितले जाते.

तथापि ही जादू नव्हे. प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे येत नाहीत. वाण, जमीन व वाळवण्याची रीत बदलली, की सक्रिय घटकांचे प्रमाणही बदलते. खाद्याच्या गोळ्या तयार करताना लागणाऱ्या उष्णतेने सुगंधी तेले काही प्रमाणात उडून जातात. मात्रा वाढविल्यास उग्र वासाने पक्षी खाद्य कमी खाण्याची शक्यता असते. रक्ती हगवणीसारखा रोग बळावल्यावर केवळ वनस्पतींवर विसंबणे धोक्याचे असून पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच उपचार करावे लागतात. कोरडी गादी, खेळती हवा, स्वच्छ पाणी व वेळेवर लसीकरण यांशिवाय कोणताही पर्याय लागू पडत नाही.

खरी अडचण व्यवहाराची आहे. करार पद्धतीत पिले, खाद्य व औषधे कंपनी पुरविते. पक्षी सांभाळणाऱ्या शेतकऱ्याला खाद्यातील घटक ठरविण्याचा अधिकार नसतो. स्वतः खाद्य तयार करणारा अंडी-उत्पादक वा गावरान कोंबड्या पाळणारा हा बदल करू शकतो. मात्र त्याच्या मालाला वेगळा भाव देणारा ग्राहक शहरात मिळायला हवा.