ब्रिगम हॉस्पिटल, १९२६

१ ऑक्टोबर १९२६, बोस्टन. पीटर बेंट ब्रिगम हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरात तुम्ही भिंतीला पाठ लावून उभे आहात. टेबलावरच्या माणसाच्या डोक्यावर रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली गाठ आहे. थोड्याच दिवसांपूर्वी डॉ. हार्वे कुशिंग यांनी ती काढायला घेतली होती, पण रक्त आवरेना, म्हणून शस्त्रक्रिया अर्ध्यावर सोडावी लागली.

गॉजवरचं रक्त जरा वाकून पाहा. ते आपोआप साकळतंय, फायब्रिनचे धागे विणले जाताहेत. हे शरीराचं स्वतःचं कोॲग्युलेशन. पण त्याला काही मिनिटं लागतात आणि वाहत्या धारेपुढे ती गुठळी टिकत नाही. चांदीच्या बारीक क्लिपा कुशिंग यांनीच शोधून काढल्या आहेत. या गाठीपुढे त्याही अपुऱ्या.

आज सोबत हार्वर्डचे विल्यम बोव्ही आहेत, त्यांच्या यंत्रासह. बटण दाबलं जातं. तारेचं टोक तापवलेलं नाही, हे नीट लक्षात घ्या. सेकंदाला लाखो वेळा दिशा बदलणारा प्रवाह टोकातून शरीरात शिरतो आणि रुग्णाच्या अंगाखालच्या रुंद पट्टीतून परत जातो. इतक्या वेगामुळे स्नायूंना झटका बसत नाही. टोकापाशी प्रवाह दाटतो, तिथलं मांस आतूनच तापतं. पट्टीपाशी तो पसरतो, म्हणून तिथे चटका बसत नाही. ही डायथर्मी.

बोव्हींची खरी करामत पुढे आहे. प्रवाह तुटक सोडला की पेशींतली प्रथिनं उकडलेल्या अंड्याच्या बलकासारखी घट्ट होतात आणि रक्तवाहिनीचं तोंड मिटतं. हेही कोॲग्युलेशन, पण उष्णतेनं घडवलेलं. तोच प्रवाह अखंड सोडला की पेशींतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि मांस कापलं जातं. यंत्र तेच, डायथर्मीही तीच, परिणाम मात्र वेगळे. तुमच्या काळात फिजिओथेरपिस्ट दुखऱ्या गुडघ्याला डायथर्मीचा शेक देतात. तिथे तर काहीच साकळत नाही. म्हणून डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘डायथर्मी’ दिसलं, तर कशासाठी वापरली हे डॉक्टरांना जरूर विचारा.

जळक्या मांसाचा वास थिएटरभर पसरतो. रक्त द्यायला बसलेला विद्यार्थी घेरी येऊन पडतो. कुशिंग मात्र तारेच्या फासानं गाठीचा तुकड्यामागून तुकडा काढत राहतात. यानंतर ते, शस्त्रक्रिया अशक्य म्हणून परत पाठवलेल्या रुग्णांना पुन्हा बोलावू लागतील.