उसनी चाकं

घरी बनवलेल्या गाडीला स्वतःचं चाक क्वचितच मिळतं. सांगाडा आपण जोडतो, सीट कुठल्यातरी मोडक्या खुर्चीची लावतो आणि चाकं दुसऱ्या वाहनाची उतरवून आणतो. त्यामुळे गो-कार्टच्या चाकांचं कूळ शोधायला निघालं की सगळी परकी घरंच लागतात.

हवेचा टायर हाही मुळात एका मुलासाठी घरी केलेला जुगाडच. जॉन बॉइड डनलॉप हा बेलफास्टमधला जनावरांचा डॉक्टर. मुलाच्या तीनचाकी सायकलचे हादरे कमी करायचे म्हणून १८८७ साली त्याने एका लाकडी चकतीवर रबराची नळी चढवली, ती कापडाने आवळली आणि तिच्यात हवा भरली. मग अंगणात सायकलचं चाक आणि हे नवं चाक दोन्ही घरंगळत सोडली. सायकलचं चाक मध्येच थांबलं. हवेचं चाक थेट फाटकाच्या खांबावर जाऊन आदळलं आणि टप्पा घेऊन मागे आलं. १८८८ मध्ये पेटंट मिळालं. पुढे कळलं की रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसाने हीच कल्पना चाळीसेक वर्षं आधी नोंदवून ठेवली होती. पेटंट गेलं, टायरवर नाव मात्र डनलॉपचंच राहिलं.

अमेरिकेतली पोरं खोक्यांना बाबागाडीची चाकं लावून उतारावरून सुटत. १९३४ साली ओहायोतल्या डेटनला त्यांची देशपातळीवरची शर्यत भरली आणि पुढच्याच वर्षी ती ॲक्रनला गेली. ॲक्रन म्हणजे गुडइयर, फायरस्टोन, गुडरिच यांचं गाव. पोरांच्या गाड्या आपसूक टायरवाल्यांच्या दारात पोचल्या. आपल्याकडे गॅरेजमधून मागून आणलेल्या जुन्या बेअरिंगांवर काम भागायचं. लाकडी दांडा तासून बेअरिंगच्या आतल्या कडीत ठोकायचा, सैल वाटला तर चिंधी गुंडाळायची. बाहेरची कडी फिरली की झालं चाक. टायर नाही, पंक्चर नाही. अख्ख्या आळीला खडखडाट ऐकू जाई. ओल्या फरशीवर मात्र ते पोलादी चाक कुठेही नेई, वळवाल तिकडे सोडून.

इंजिनाची गो-कार्ट त्यामानाने अलीकडची. कॅलिफोर्नियातल्या ग्लेंडेलला कर्टिस क्राफ्ट ही रेसिंग गाड्या बनवणारी कंपनी होती. तिथल्या आर्ट इंगल्सने लू बोरेली या मित्राच्या मदतीने १९५६ साली नळ्यांच्या सांगाड्यावर गवत कापायच्या यंत्राचं इंजिन बसवलं. ताकद जेमतेम अडीच अश्वशक्ती. एवढ्याशा इंजिनाला लहान चाकच झेपतं, आणि बसणारा जमिनीपासून चार बोटांवर असेल तर मोठ्या चाकाला जागाही नसते. रेसिंगच्या कार्टची रिम आजही पाच इंचाचीच असते. स्प्रिंग नसतात, खड्डा सोसायचा तो टायरने आणि सांगाड्याच्या लवचिकपणाने.

आपल्याकडे घरी कार्ट करणाऱ्याच्या हाती हमखास लागतं ते स्कूटरचं चाक. जुन्या चेतकचं चाक घ्या. बजाजने आधी इटलीच्या व्हेस्पा परवान्यावर बनवल्या, चेतक आली ती त्याच वळणाची. व्हेस्पा आखली कोर्रादिनो दास्कानियो या विमानांच्या इंजिनिअरने. त्याने पुढचं चाक एकाच बाजूने धरलं, विमानाच्या चाकासारखं. कार्टवाल्याला हे वरदान, कारण त्यालाही चाक एकाच बाजूने बाहेर काढायचं असतं.

पण उसन्या चाकाबरोबर त्याच्या सवयीही येतात. चेतकच्या टायरवर ३.५०-१० लिहिलेलं असतं: रुंदी साडेतीन इंच, रिम दहा इंच. म्हणजे पूर्ण चाक साधारण १७ इंचांचं. कार्टचा मागचा टायर ११ इंचांच्या आसपास. आसाच्या एका फेऱ्यात स्कूटरचं चाक सुमारे दीडपट अंतर जातं आणि ओढ तितक्याच पटीने घटते. मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) मोठं केलं नाही तर लहान इंजिन चढावर रडतं. दुसरं, स्कूटर वळणावर कलते म्हणून तिच्या टायरची पाठ गोल असते. कार्ट कलत नाही. तिथे त्या गोल पाठीची मधलीच पट्टी जमिनीला टेकते आणि बाकीचं रबर नुसतं मिरवतं.

पुष्कळ जण मागे शक्य तितके रुंद टायर लावतात. दिसतात झोकात, पण मला तो हट्ट पटत नाही. साध्या कार्टला डिफरेन्शियल नसतं. मागची दोन्ही चाकं एकाच आसावर, एकाच वेगाने फिरतात. वळणावर आतल्या चाकाला कमी अंतर जायचं असतं, म्हणून ते घासलं तरी पाहिजे किंवा उचललं तरी गेलं पाहिजे. रेसिंगच्या कार्टमध्ये स्टिअरिंगची रचना आणि लवणारा सांगाडा ते चाक क्षणभर उचलतात. घरच्या जाड अँगलच्या सांगाड्याला ते जमत नाही. मग मागचे रुंद टायर गाडीला सरळच ढकलतात, पुढची चाकं वळवूनसुद्धा. अशा गाडीला मागे अरुंद टायर बरे. नाहीतर इंजिनाची चेन एकाच चाकाला द्यावी आणि दुसरं मोकळं फिरू द्यावं.

हवाही स्कूटरच्या हिशेबाने भरू नये. स्कूटरपेक्षा इथे एकेका चाकावर वजन कमी, त्यामुळे तेवढ्या हवेत टायर दगडासारखा उडतो. थोडी थोडी सोडत टायर जमिनीला सपाट टेकेपर्यंत यावं. आणि चेतकची रिम दोन अर्ध्या ताटल्यांची, नटांनी एकत्र आवळलेली असते. टायर बदलताना ते नट सोडण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा जाऊ द्यावी. भरल्या हवेत नट ढिले केले तर रिमची अर्धी ताटली थेट तोंडावर येते.